आधी महिना, मग देश

मे महिन्याच्या सुटीत केनियातलं मसाई मारा बघायला जाऊ नये, निदान पहिल्या वेळी तरी नाही. आपल्याकडे शाळा बंद असतात, रजा मिळते, म्हणून बहुतेक मराठी कुटुंबांच्या परदेशवाऱ्या एप्रिल-मेमध्येच ठरतात. पूर्व आफ्रिकेत मात्र मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. माराची जमीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी काळी, चिकण. दोन जोरदार सरी झाल्या की चाकं रुततात आणि अर्धा दिवस एका गाडीने दुसरीला दोर बांधून ओढण्यात जातो. गवत इतकं माजलेलं असतं की सिंहीण वीस फुटांवर पहुडली असली तरी शेपटाचा गोंडा तेवढा दिसावा. पाणी जागोजाग, त्यामुळे जनावरं पांगलेली. आणि ज्या विल्डबीस्टच्या कळपांचे फोटो बघून आपण पैसे भरलेले असतात, ते कळप तेव्हा सीमेपलीकडे टांझानियात चरत असतात.

सहलीची आखणी करताना बहुतेक घरांत पहिला प्रश्न देशाचा निघतो. केनिया स्वस्त की टांझानिया, दक्षिण आफ्रिका सुरक्षित आहे का, बोट्स्वाना परवडेल का. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. सुटी कधी मिळणार ते आधी ठरवावं, देश त्यावरून आपोआप ठरतो. या खंडात प्राणी पावसामागून फिरतात आणि पाऊस विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या महिन्यांत पडतो. एकाच तारखेला एक अभयारण्य चिखलात असतं आणि दुसरं ऐन बहरात.

सेरेनगेटी आणि मारा हा सगळा एकच प्रदेश, मधून दोन देशांची सीमा गेलेली. सेरेनगेटीचं राष्ट्रीय उद्यान १९५१ चं, क्षेत्रफळ पावणेपंधरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. मारा राखीव क्षेत्र त्याच्या उत्तरेला चिकटलेलं, जेमतेम दीड हजार चौरस किलोमीटरचं. तेरा-चौदा लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबतचे लाखो झेब्रे, गॅझेल या प्रदेशात वर्षभर गोल फिरत राहतात. जानेवारी ते मार्च ते दक्षिणेला, एन्डूटूच्या बाजूला असतात. तिथल्या मातीत जुन्या ज्वालामुखींची राख आहे, त्यामुळे आखूड गवतात कॅल्शियम-फॉस्फरस भरपूर, आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमकं तेच हवं असतं. फेब्रुवारीत दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात. पुढे गवत वाळतं तसे कळप पश्चिमेला, मग उत्तरेला सरकतात आणि साधारण जुलैच्या उत्तरार्धापासून मारा नदीवर येतात, कारण कोरड्या दिवसांत बारमाही पाणी तिथेच असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात छोटा पाऊस सुरू झाला की पुन्हा दक्षिणेकडे तोंड फिरवतात. तारखा पाऊस ठरवतो, त्यामुळे 'अमुक तारखेला हमखास क्रॉसिंग' असं कुणी लिहून देत असेल तर त्याच्याकडे बुकिंग करू नये.

क्रॉसिंग म्हणजे नदी ओलांडणं. त्यात थरार आहे, पण त्याहून जास्त वाट बघणं आहे. सकाळी आठ वाजता कळप काठावर जमायला लागतो. मागून धुळीचे लोट, पुढे दोन-तीन झेब्रे पाण्याचा वास घेत उभे. एक पुढे सरकतो, पाय बुडवतो, खालच्या वळणावर मगर हलल्यासारखी वाटते आणि अख्खा कळप पन्नास पावलं मागे पळतो. असं तीन-चार वेळा होतं. दुपारी बारापर्यंत ऊन चढतं, गाडीतल्या मुलांची कुरकुर सुरू होते, शेजारची गाडी कंटाळून निघून जाते. मग काही कारण नसताना एक विल्डबीस्ट उडी मारतो आणि बाकीचे त्याच्यामागून दरडीवरून अक्षरशः ओतल्यासारखे खाली येतात. पंधरा-वीस मिनिटांत सगळं उरकतं. कधी कधी तेच कळप दोन दिवसांनी पुन्हा अलीकडे येतात, कारण पाऊस या काठावर पडला. माऱ्यात दोन रात्रींचं पॅकेज घेणाऱ्याला हे दिसलं तर नशीब. चार रात्री ठेवणाऱ्याला मात्र दिसण्याची वाजवी आशा असते.

या दृश्याची दुसरी बाजू गर्दी. ऑगस्टमध्ये एकेका घाटावर पन्नास-साठ गाड्या उभ्या असतात. कळप पाण्यात उतरायला लागला की सगळी इंजिनं एकदम सुरू होतात आणि पुढची जागा पकडण्याच्या नादात गाड्या जनावरांची वाटच अडवतात. २०२५ च्या जुलैत सेरेनगेटीच्या उत्तर टोकाला पर्यटक गाड्यांतून उतरून काठावर उभे राहिल्याची चित्रफीत जगभर फिरली, टांझानियाच्या अधिकाऱ्यांना खुलासे करावे लागले. दोष एकट्या चालकांचा नाही. मागच्या सीटवरून 'और आगे लो' म्हणणारे आवाज आपलेही असतात. ताडोब्याला वाघासाठी जिप्सी दामटवायची सवय लागलेल्यांनी हे मनात ठेवलेलं बरं.

गर्दी टाळायचा एक मार्ग म्हणजे माऱ्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला असलेल्या कॉन्झर्व्हन्सी. नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ ही त्यांतली नावं. स्थानिक मसाई जमातीच्या कुटुंबांच्या मालकीची जमीन एकत्र करून कॅम्पवाले ती भाड्याने घेतात, कुटुंबांना दरमहा पैसे मिळतात, आणि बदल्यात तंबूंची व गाड्यांची संख्या मर्यादित राहते. एका प्राण्याभोवती मोजक्याच गाड्या, रात्रीची सफारी, मसाई वाटाड्याबरोबर पायी फिरणं हे सगळं तिथे चालतं; राखीव क्षेत्रात यातलं काहीच चालत नाही. दर अर्थातच चढे. २०२० मध्ये पर्यटन ठप्प झालं तेव्हा हे भाडं चुकतं करणं जड गेलं होतं, म्हणजे ही व्यवस्थाही पर्यटकांच्या पैशावरच उभी आहे. तरी चार रात्रींपैकी दोन राखीव क्षेत्राजवळ आणि दोन कॉन्झर्व्हन्सीत अशी वाटणी केली तर खर्चही आटोक्यात राहतो आणि दोन्ही तऱ्हा बघून होतात.

माऱ्याच्या प्रवेश शुल्कात एक गंमत आहे. २०२४ पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर पडतात, आणि तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच चालतं. कळप साधारण ऑक्टोबरअखेर निघून जातात, दर मात्र ३१ डिसेंबरपर्यंत दुप्पटच राहतो. म्हणून नाताळात माऱ्याला जाणारा माणूस न दिसलेल्या कळपांचेही पैसे भरून येतो. याउलट जूनचा पहिला पंधरवडा: पाऊस सरत आलेला, शुल्क निम्मं, लॉज रिकामी, आणि सिंह, चित्ते, बिबटे तर वर्षभर तिथेच असतात. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. ज्यांना मे सोडून थोडं पुढे सरकता येईल त्यांनी याचा विचार करावा.

केनियाचं जे पॅकेज आपल्याकडे सर्रास विकलं जातं ते नैरोबी, अंबोसेली, नाकुरू किंवा नैवाशा, मारा, पुन्हा नैरोबी असं सहा-सात रात्रींचं असतं. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात एक दिवसाआड सहा-सात तास गाडीत जातात. अंबोसेलीला जावं ते हत्तींसाठी आणि मागे दिसणाऱ्या किलिमांजारोसाठी. ५,८९५ मीटरचा हा डोंगर उभा आहे टांझानियात, पण दिसतो केनियातून झकास, आणि तोही पहाटे, ढग चढण्याआधी. नाकुरूकडे मात्र नव्याने पाहायला हवं. जाहिरातींत अजून गुलाबी फ्लेमिंगोंनी भरलेलं तळं छापतात. गेल्या काही वर्षांत तळ्याची पातळी इतकी वाढली की पाण्याचा खारेपणा घटला, फ्लेमिंगोंचं खाद्य असलेलं शेवाळ कमी झालं आणि बरेचसे पक्षी बोगोरिया तळ्याकडे गेले. नाकुरूला आता जायचं ते गेंड्यांसाठी. गेंडेच बघायचे असतील तर लाइकिपियातलं ओल पेजेटा जास्त चांगलं. जगातल्या शेवटच्या दोन उत्तरी पांढऱ्या गेंड्यांच्या माद्या, नाजिन आणि फातू, तिथे आहेत. शेवटचा नर सुदान १९ मार्च २०१८ ला गेला. माझा सल्ला विचाराल तर यातलं एक ठिकाण सरळ गाळावं आणि त्या रात्री माऱ्याला द्याव्यात.

'मारा आणि सेरेनगेटी एकाच फेरीत' हा मोहही आवरावा. नकाशावर दोन्ही शेजारी आहेत, कळप रोज सीमा ओलांडतात, पण पर्यटकाला ती मधली सीमा १९७७ पासून बंद आहे. पश्चिमेला इसेबानियाचं नाकं गाठून वळसा घालावा लागतो, अख्खा दिवस मोडतो, शिवाय दोन देशांचे प्रवेश परवाने. केनिया, युगांडा आणि रवांडा मिळून १०० डॉलरचा एक संयुक्त व्हिसा मिळतो, टांझानिया त्यात नाही.

टांझानियाच करायचं असेल तर आरुशाहून निघून तारांगिरे, एन्गोरोंगोरो, सेरेनगेटी असा मार्ग. पावसाळा सरल्यावर कोरड्या पडलेल्या मुलखातून हत्ती तारांगिरे नदीवर उतरतात, ते बघण्यासारखं असतं. एन्गोरोंगोरो म्हणजे खचलेल्या ज्वालामुखीचं सहाशे मीटर खोल आणि अडीचशे चौरस किलोमीटरांहून मोठं विवर. तळाशी सिंह, रानरेडे, काळे गेंडे. प्रत्येक गाडीला खाली उतरण्याचा आकार २५० डॉलर आणि वर कर. सेरेनगेटीत माणशी ७० डॉलर, वर कर, आणि उद्यानात मुक्काम केला तर त्याचा वेगळा आकार. 'टांझानिया एवढं महाग का' याचं अर्धंअधिक उत्तर या पावत्यांत आहे. नाताळची सुटी किंवा फेब्रुवारी मोकळा असेल तर मात्र एन्डूटूला तोड नाही. तिथे गाडी वाट सोडून नेता येते, मैदान सपाट असतं, आणि चित्त्याची शिकार सुरुवातीपासून शेवटापर्यंत दिसू शकते. फेब्रुवारी परीक्षांचा म्हणून कुटुंबांना जमत नाही. निवृत्त जोडप्यांनी तो खुशाल घ्यावा.

या मुलखात फिरताना एक गोष्ट माहीत असलेली बरी. सेरेनगेटीत राहणाऱ्या मसाईंना १९५९ मध्ये तिथून उठवून एन्गोरोंगोरोत जागा दिली गेली. आता तिथूनही त्यांना हलवणं चाललं आहे. २०२२ पासून शेकडो किलोमीटर दूर म्सोमेरा गावात घरं बांधून दिली जात आहेत. सरकार म्हणतं, लोक राजीखुशीने जात आहेत. मसाई संघटना म्हणतात, दवाखाने-शाळांची कोंडी करून आम्हाला घालवलं जातंय. त्याच वर्षी जूनमध्ये टांझानियातल्याच लोलिओंदोत जमिनीची हद्द आखताना पोलीस आणि मसाई यांच्यात हिंसाचार झाला. पॅकेजातली 'मसाई गावाला भेट' आणि तिथल्या नाचातल्या उंच उड्या बघताना हा संदर्भ गाइड सांगेलच असं नाही. विचारलं तर बरेच जण मोकळेपणाने बोलतात.

आता ज्यांना मे सोडून दुसरी सुटीच नाही त्यांचं काय? त्यांनी दक्षिणेला जावं. विषुववृत्ताच्या खाली मे म्हणजे हिवाळ्याची सुरुवात. पाऊस संपलेला, झुडपं विरळ व्हायला लागलेली, डास कमी. दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर राष्ट्रीय उद्यान त्यासाठी उत्तम आणि मराठी कुटुंबाच्या खिशालाही सोसणारं. १८९८ साली साबी राखीव जंगल म्हणून सुरुवात, १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान, क्षेत्रफळ साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या घरात. जोहान्सबर्गहून पाचेक तासांत गाडीने पोचता येतं आणि पुढेही आपलीच गाडी आपण चालवायची. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने, मुख्य रस्ते डांबरी, वेगमर्यादा डांबरीवर ताशी ५०, मातीच्या रस्त्यावर ४०. खरं तर २५ च्या वर गेलात तर बिबट्या हुकलाच म्हणून समजा. स्कुकुझा, लोअर साबी, सतारा अशा कुंपणातल्या कॅम्पांत स्वयंपाकघरासह कुटीर मिळतात. खिचडी शिजवा, नाहीतर शेजारच्यांसारखी बाहेर शेगडी पेटवा. बुकिंग जवळपास वर्षभर आधी उघडतं आणि लोअर साबीच्या नदीकाठच्या खोल्या लगेच संपतात.

स्वतः गाडी चालवताना शिस्त लागते. ठरवून दिलेल्या जागा सोडून कुठेही खाली उतरायचं नाही. मे महिन्यात फाटक सकाळी सहाला उघडतं, संध्याकाळी साडेपाचला बंद होतं, उशीर झाला तर दंड. हत्ती रस्त्यात आला तर अंतर ठेवून थांबायचं. तो निवांत फांद्या मोडत असेल तर काळजी नाही. कान पसरून डोकं झटकलं, पुढचा पाय झुलवू लागला की हॉर्न न वाजवता गाडी मागे घ्यायची. कानशिलावरून ओघळ उतरलेला नर दिसला तर तो मस्तीत आहे, त्याला शंभर मीटर तरी सोडावं. स्कुकुझा ते लोअर साबी हा नदीकाठचा रस्ता पहाटे आणि साताऱ्याशी नामसाधर्म्य असलेल्या सताराजवळचा एस-१०० हा मातीचा रस्ता संध्याकाळी, हे दोन नेम पाळले तरी पुष्कळ दिसतं. परवडत असेल तर शेवटच्या दोन रात्री शेजारच्या साबी सँडच्या खासगी लॉजवर ठेवाव्यात. क्रूगर आणि साबी सँडमध्ये कुंपण नाही, माग काढणारा पुढच्या सीटवर बसलेला असतो, आणि बिबटे गाडीला इतके सरावलेले आहेत की ते बघायला लोक मुद्दाम तिथेच जातात. अगदी लहान मुलं असतील आणि मलेरिया नकोच असेल तर मडिक्वे किंवा पिलान्सबर्ग घ्यावं.

दक्षिण आफ्रिकेत एक धंदा मात्र कटाक्षाने टाळावा: सिंहाच्या बछड्यांना मांडीवर घेऊन फोटो काढण्याचा, किंवा 'सिंहांसोबत चाला' नावाचा. ही बछडी पिंजऱ्यात पैदास केलेली असतात, मोठी झाली की बऱ्याचदा शिकाऱ्याच्या बंदुकीपुढे किंवा हाडांच्या व्यापारात जातात. टूरमध्ये हा कार्यक्रम असेल तर तो कापायला सांगावा, आणि कंपनी ऐकत नसेल तर कंपनी बदलावी.

दिवाळीच्या सुटीचं गणित वेगळं. ऑक्टोबरअखेर दक्षिणेचा कोरडा काळ टोकाला गेलेला असतो, ऊन चाळिशीला टेकतं, पाणी उरतं ते मोठ्या नद्यांत आणि ठरावीक पाणवठ्यांवर. माणसाचे हाल, बघणाऱ्याची चैन. बोट्स्वानाच्या चोबे नदीवर कासानेहून दुपारच्या बोटीने निघालं तर शेकडो हत्ती पाण्यात उतरलेले दिसतात. व्हिक्टोरिया धबधबा तिथून ऐंशी किलोमीटरवर, पण त्या दिवसांत झांबियाच्या बाजूला कडा जवळजवळ कोरडा असतो, म्हणून झिंबाब्वेच्या बाजूने जावं. नामिबियाच्या इटोशात ओकाउकुएजो कॅम्पला लागून पाणवठा आहे, रात्री त्यावर दिवे सोडलेले असतात. जेवण आटोपून बाकावर जाऊन बसायचं. काळा गेंडा अंधारातून न वाजता येतो आणि तासभर पाणी पितो. ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश मात्र जून ते ऑगस्टचा. अंगोलाच्या डोंगरांत पडलेला पाऊस महिनोन्‌महिने वाहत येऊन ऐन कोरड्या हिवाळ्यात तिथे पोचतो. बोट्स्वानाने कमी पर्यटक आणि चढे दर हे धोरण उघडपणे स्वीकारलं आहे. एका माणसाच्या एका रात्रीला हजार डॉलरच्या वर मागितले तर दचकू नये.

गोरिलांचा विषय थोडक्यात. रवांडात परवाना १,५०० डॉलर, युगांडात ८००. एका गोरिला कुटुंबापाशी आठच पर्यटक, तेही तासभर, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना मनाई. गुडघे धड असतील तोवरच करण्यासारखं.

पैशांचा हिशेब घालताना एक ध्यानात घ्यावं: गाडी आणि चालक-गाइड यांचा दिवसाचा खर्च ठरलेला असतो, तो दोघांत वाटला काय किंवा सहांत. चार जणांचा गट जमवला तर प्रत्येकाला खिडकी मिळते, जागा राहते आणि दरही बसतो. कंपनीला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: गाडी उघडझाप छताची व्हॅन की लँडक्रूझर, एका गाडीत किती जण, आणि मुक्काम फाटकाच्या आत की बाहेर. जेवणाची फार चिंता नको. पूर्व आफ्रिकेत गुजराती वस्ती जुनी, शाकाहार म्हणजे काय ते तिथल्या आचाऱ्यांना समजावावं लागत नाही, आधी कळवलं की झालं.

कपड्यांबाबत आपण हमखास फसतो. आफ्रिका म्हणजे ऊन, असं धरून सुती सदरे भरतो, आणि जुलैच्या पहाटे माऱ्याच्या उघड्या गाडीत दात वाजतात. मारा दीड हजार मीटर उंचीवर आहे, एन्गोरोंगोरोचा काठ त्याहून उंच. स्वेटर, कानटोपी लागतेच. काळे आणि गडद निळे कपडे नकोत, त्या रंगांवर त्सेत्से माश्या धावतात. तारांगिरेत झाडांना टांगलेले काळे-निळे फडके दिसतात ते या माश्या पकडायला लावलेले सापळे. लष्करी छापाचे कपडे काही देशांत बेकायदा आहेत. केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू डब्यांत. छोट्या विमानाने जायचं असेल तर सामान १५ किलो आणि मऊ बॅगेत, चाकांची कडक पेटी चढवत नाहीत. माणशी एक दुर्बीण, ८×४२ची. ती एकमेकांना देईपर्यंत पक्षी उडालेला असतो.

मलेरिया आपल्याकडेही असतो म्हणून हलक्यात घेऊ नये. आफ्रिकेत बहुतांशी फाल्सिपॅरम जातीचा असतो आणि तो जिवावर बेततो. प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधी सुरू करून परतल्यावरही काही दिवस घ्याव्या लागतात, कोणत्या ते डॉक्टर ठरवेल. केनिया किंवा युगांडाला जाणार असाल तर पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रावर निघण्याआधी किमान दहा दिवस टोचून घ्यायची. तिथे दिवस ठरलेले असतात आणि गर्दी असते, म्हणून हे काम महिनाभर आधीच उरकावं. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. तिचं पिवळं कार्ड जाताना कुणी विचारलं नाही तरी परतताना मुंबईच्या विमानतळावर आरोग्य खात्याचे लोक विचारतात, आणि ते नसेल तर विलगीकरणात सहा दिवसांपर्यंत ठेवून घेऊ शकतात. कार्ड मोठ्या बॅगेत ठेवू नका, पासपोर्टाच्या पानात ठेवा.